बाहुल्याचा परकायाप्रवेश

भैंसा हे गाव आज तेलंगणात आहे. गोदावरीकाठचे बासर, हे सरस्वतीचे क्षेत्र, तेथून फार दूर नाही. आणि पूर्वेकडे रस्त्याने गेले की निर्मल लागते. निर्मलची कीर्ती लाकडी बाहुल्यांसाठी. तेथील नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडातून फळे, पक्षी, जनावरे आणि माणसे कोरतात व त्यांवर असे रंग चढवितात की दुरून पाहणाऱ्याची फसगत व्हावी. या भागातील तेलुगू भाषेत ‘बोम्म’ हा एकच शब्द बाहुलीला लागतो आणि चित्रालाही लागतो. बोलण्याच्या ओघात चित्रपटालाही लोक ‘बोम्म’च म्हणतात. बाहुली आणि चित्रपट यांचे नाते भाषेनेच असे आधी जुळवून ठेवलेले आहे.

या गावाच्या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५६ पर्यंत भैंसा हे हैदराबाद राज्यातील नांदेड जिल्ह्यात, मुधोळ तालुक्यात मोडत होते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे नांदेडपासून तोडून आंध्र प्रदेशाला जोडण्यात आली, आणि किनवट व राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात आले. त्यानंतर भैंसा आदिलाबाद जिल्ह्यात राहिले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०१६ साली आदिलाबादचे विभाजन होऊन गाव निर्मल जिल्ह्यात गेले. राज्य पालटले, जिल्हा पालटला, कचेरीची भाषा पालटली. परंतु गावातील कित्येक घरांत आजी नातवाला गोष्ट सांगते ती अजून मराठीतच. शरीर बदलले तरी आतला जीव तोच राहतो, अशी जी कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे, तिचा हा एक ऐहिक नमुनाच म्हणता येईल.

हीच कल्पना घेऊन मराठीत दोन चित्रपट निघाले. पहिला ‘झपाटलेला’, १९९३ सालचा. आणि दुसरा त्याचा उत्तरभाग, ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झालेला ‘झपाटलेला २’. दोहोंचे दिग्दर्शक महेश कोठारे. दोहोंतील खलनायक हातभर उंचीचा एक बाहुला, तात्या विंचू. हा बाहुला मूळचा परदेशी कल्पनेचा खरा, पण मराठी मुलांनी त्याला इतके आपले मानले की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. परक्या कथेत मराठी जीव कोठून आला, आणि वीस वर्षांनी ती कथा पुन्हा सांगताना त्या जीवाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

एका देहातून दुसऱ्या देहात शिरण्याच्या विद्येला आपण परकायाप्रवेश म्हणतो. आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. त्या काळात आचार्यांचा मूळ देह शिष्यांनी जपून ठेवला होता. तो का जपावा लागतो, याचे उत्तर सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मिळते. वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त हे तिघे सहाध्यायी. गुरुदक्षिणेसाठी त्यांना एक कोटी सुवर्णनाणी हवी होती. ती मागण्यास ते नंद राजाकडे गेले, तो राजा नुकताच निवर्तलेला. तेव्हा इंद्रदत्ताने योगबलाने राजाच्या देहात प्रवेश केला आणि व्याडी त्याच्या निर्जीव शरीरावर राखण करीत बसला. राजा पुन्हा उठून बसला आणि एका याचकाला कोटीचे दान देऊ लागला, हे पाहून शकटाल नावाच्या चतुर अमात्याला संशय आला. त्याने राज्यातील सर्व प्रेते जाळून टाकण्याची आज्ञा केली. इंद्रदत्ताचा देह भस्म झाला, परतीची वाट बंद झाली, आणि तो योगनंद म्हणून परक्या देहात कायमचा अडकला. सोमदेवाने ही कथा अकराव्या शतकात काश्मीरात लिहिली. पण ज्या ‘बृहत्कथे’वरून त्याने ती घेतली, तिचा कर्ता गुणाढ्य परंपरेने प्रतिष्ठानच्या सातवाहन दरबारातला मानला जातो. म्हणजे परक्या देहात अडकून पडण्याचे भय हे आपल्या गोदाकाठच्या कथापरंपरेचेच धन आहे.

बोलणारी बाहुलीही आपल्याला नवी नाही. सिंहासनबत्तिशीतील बत्तीस पुतळ्या भोज राजाला पायरीपायरीवर अडवितात आणि विक्रमाच्या गोष्टी सांगतात. ‘कथासरित्सागरा’तच सोमप्रभा ही मयासुराची कन्या आपल्या सखीकडे लाकडी यंत्रबाहुल्यांची पेटी घेऊन येते, त्यांतली एक आकाशातून जाऊन माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. मात्र या बाहुल्या उपदेश करतात, मन रिझवितात. कोणाचा जीव घेत नाहीत. आपल्याकडे भीती वाटते ती काळ्या बाहुलीची, आणि ती तर मुकी असते. परकायाप्रवेशाची कथा एका बाजूस, बोलक्या पुतळ्यांची दुसऱ्या बाजूस, असे हे दोन प्रवाह शतकानुशतके वेगवेगळे वाहत होते. त्यांचा संगम व्हायला निमित्त मात्र अमेरिकेचे झाले.

पश्चिमेत बाहुल्याचे भय प्रथम शब्दभ्रमकाराच्या मांडीवर वाढले. १९४५ सालच्या ‘डेड ऑफ नाइट’ या इंग्रजी चित्रपटात मायकेल रेडग्रेव्ह यांनी असा एक शब्दभ्रमकार रंगविला, की ज्याचा बाहुला हळूहळू त्याच्यावरच सत्ता गाजवू लागतो. १९७८ सालच्या ‘मॅजिक’मध्ये अँथनी हॉपकिन्स यांनी त्याच जातीची भूमिका केली. या दोन्ही ठिकाणी बाहुला खरोखर जिवंत आहे की धन्याचेच मन दुभंगले आहे, हा प्रश्न लोंबकळत राहतो. १९८८ साली आलेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ने तो प्रश्न मोडीत काढला. कथा डॉन मॅन्सिनी यांची, दिग्दर्शन टॉम हॉलंड यांचे. पोलिसांच्या गोळीने घायाळ झालेला एक खुनी खेळण्यांच्या दुकानात शिरतो आणि मंत्र म्हणून आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला म्हणजे चकी. आपले गुपित ज्याला प्रथम सांगितले त्या माणसाच्या देहात वेळेवर शिरता आले नाही, तर बाहुल्यातच कायमचे अडकून पडावे लागेल, असे त्याला कळते. आणि ते गुपित त्याने सांगितलेले असते एका लहान मुलाला. योगनंदाची कथा जाणणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. या चित्रपटाचे उत्तरभाग १९९० व १९९१ साली निघाले आणि पुढेही निघत राहिले.

आता मराठीकडे वळू. मराठी रंगभूमी आणि बाहुली यांचे नाते रंगभूमीच्या आरंभापासूनचे आहे. १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगविणारे विष्णुदास भावे हे लाकडी बाहुल्याही घडवीत असत. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्यांचा व चित्रकथीचा खेळ आजवर टिकविला आहे. नाटकाच्या चालकाला आपण सूत्रधार म्हणतो, त्या शब्दात बाहुलीची दोरी आहे असे काही अभ्यासक मानतात. ज्ञानेश्वरीतही कळसूत्री बाहुलीचा दृष्टांत येतो: हालते ती बाहुली, हालविणारा निराळा.

या परंपरेला विसाव्या शतकात यशवंत केशव पाध्ये यांनी नवे वळण दिले. शब्दभ्रमाची पाश्चात्य कला त्यांनी आत्मसात केली आणि अर्धवटराव हा बोलका बाहुला मराठी घराघरांत पोहोचविला; अर्धवटरावाला आवडाबाई ही जोडीदारीणही मिळाली. वडिलांची विद्या रामदास पाध्ये यांनी उचलली. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या कलावंताने १९६७ पासून स्वतंत्रपणे खेळ केले. विष्णुदास भाव्यांच्या जीर्ण झालेल्या बाहुल्या दुरुस्त करून त्यांना पुन्हा उभे करणारे तेच, आणि तात्या विंचूचा बाहुला घडविणारेही तेच. मराठी रंगभूमीच्या पहिल्या बाहुल्या आणि मराठी चित्रपटाचा सर्वांत कुप्रसिद्ध बाहुला एकाच हातांखालून गेले, हा योगायोग विलक्षण आहे.

शब्दभ्रमाची किमया काय असते, तेही येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. आवाज ‘फेकता’ येतो ही समजूत खरी नव्हे. खेळ करणारा ओठ स्थिर ठेवून बोलतो आणि त्याच क्षणी बाहुल्याचे तोंड हालवितो. ऐकणाऱ्याचे डोळे हालत्या तोंडाकडे जातात आणि कान डोळ्यांमागून जातात. यात अवघड भाग म्हणजे ओष्ठ्य वर्ण. प, फ, ब, भ, म हे ओठ मिटल्यावाचून निघत नाहीत. त्यांच्या जागी जिभेच्या साहाय्याने जवळचा ध्वनी काढावा लागतो, आणि उरलेले काम श्रोत्याची सवय करते. मराठीत ‘बाप’ म्हणायचे झाले तरी ओठ दोनदा मिटतात. ‘बाबा’, ‘मामा’, ‘भाऊ’, फार काय ‘बाहुली’ हा शब्दसुद्धा, ओठ न हालविता म्हणायला किती सराव लागत असेल याची कल्पना कोणीही आरशासमोर उभे राहून घेऊ शकेल. बाहुल्याचा जीव असा दुसऱ्याच्या कंठात असतो.

महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ करताना नेमकी हीच जागा हेरली. ते स्वतः बालनट म्हणून ‘छोटा जवान’ या १९६३ सालच्या चित्रपटापासून पडद्यावर वावरलेले. १९८५ च्या ‘धुमधडाका’पासून दिग्दर्शक झालेले. परभाषेतील कथेला मराठी अंगरखा शिवण्याची हातोटी त्यांना साधलेली होती. अमेरिकन कथेतील बालक काढून टाकून त्यांनी तेथे बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा एक भोळा तरुण आणला. तो लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. या एका बदलाने सारी कथा मराठी झाली. लहान मुलाने ‘बाहुला बोलतो’ म्हटले तर लोक त्याला बालिश म्हणतील. परंतु बाहुल्याला बोलते करणे हाच ज्याचा धंदा, त्याने ‘हा आपला आपण बोलतो’ असे कळवळून सांगितले तर लोक टाळ्याच वाजविणार. भयाच्या पोटातून हसू निघाले ते येथून. लक्ष्या जितका जास्त घाबरतो तितके गाव त्याच्या कलेवर खूश होते, आणि प्रेक्षक हसता हसता त्याच्यासाठी हळहळतो.

बाकीचे बदलही त्याच धोरणाचे. परदेशी जादूटोण्याच्या जागी बाबा चमत्काराचा मृत्युंजय मंत्र आला. राघवेंद्र कडकोळ यांनी तो बाबा रंगविला. एकाकी आईच्या जागी मधू कांबीकर यांनी साकारलेली गावची माउली आली. कुबड्या खवीस हा साथीदार आला. आणि तात्या विंचूला स्वर मिळाला तो दिलीप प्रभावळकरांचा. चिमणराव म्हणून ज्यांना महाराष्ट्राने जीव लावला, त्याच नटाच्या कंठातून हा खरखरीत, कपटी आवाज निघाला. कथा अमेरिकेची, पण हात पाध्यांचे, कंठ प्रभावळकरांचा आणि भय लक्ष्मीकांतचे. असा हा परकायाप्रवेश होता. चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने निघाली. १९९६ साली हिंदीत ‘पापी गुडिया’ हा त्याच धाटणीचा चित्रपटही आला. पण त्यातील बाहुल्याला तात्या विंचूइतके आयुष्य लाभले नाही. नुसती कथा उचलून जीव येत नसतो, याचा हा पुरावा.

पहिल्या चित्रपटाच्या शेवटी इन्स्पेक्टर महेश जाधव बाहुल्याच्या भ्रूमध्यावर गोळी झाडतो आणि तात्या विंचू निष्प्राण होतो. पुढे काळाने मात्र उलटाच न्याय केला. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. ज्या देहासाठी बाहुल्याने एवढा आटापिटा केला, तो देह गेला आणि बाहुला उरला.

२०१३ सालच्या उत्तरभागापुढे हा खरा पेच होता. तो कथेनेच सोडविण्यात आला. मंत्राने पुन्हा उठलेल्या तात्या विंचूला कळते की लक्ष्या आता हयात नाही. तेव्हा त्याच्या मुलाच्या, आदित्यच्या, देहात शिरणे हाच मार्ग. मुलगाही बापासारखाच शब्दभ्रमकार. ही भूमिका केली आदिनाथ कोठारे यांनी. ते दिग्दर्शकाचे चिरंजीव, आणि वडिलांच्याच ‘माझा छकुला’त बालनट म्हणून आलेले. सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर असा नवा संच होता. प्रभावळकरांचा स्वर मात्र तोच राहिला आणि बाहुल्यामागे पाध्येही तेच राहिले. चित्रपट त्रिमितीत केलेला होता. मराठीतील तो पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून ओळखला जातो. भारतात त्रिमितीची सुरुवात १९८४ च्या मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ने झाली होती, तीही एका भुताचीच कथा, पण ते भूत मुलांचे मित्र.

उत्तरभागाचे मोल ठरविताना निःपक्षपाती राहिले पाहिजे. चष्मा लावून पाहताना बाहुला अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. परंतु पहिल्या चित्रपटात भय अंगावर आले होते ते कोणत्याही चष्म्यावाचून, लक्ष्मीकांतच्या डोळ्यांतून. त्याचे घाबरणे हे त्याचे स्वतःचे होते आणि ते कोणाला वारसाहक्काने देता येण्याजोगे नव्हते. ही उणीव दुसऱ्या चित्रपटाला अखेरपर्यंत जाणवत राहते. तथापि तीच उणीव त्या चित्रपटाचा विषयही झाली आहे. बापाच्या मागे त्याची कला, त्याचे नाव आणि त्याचा वैरीही मुलाकडे येतो, हे त्यात सांगितले आहे. आणि पडद्यामागे तीच गोष्ट खरी घडत होती. यशवंत पाध्ये यांच्याकडून रामदास यांच्याकडे व त्यांच्याकडून पुत्र सत्यजित यांच्याकडे बाहुल्या गेल्या. कोठारे पितापुत्रांचे सांगितलेच. लक्ष्मीकांतचे चिरंजीव अभिनय हेही २०१७ साली ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटातून पडद्यावर आले.

त्याच २०१३ सालात महाराष्ट्रात आणखी एक घटना घडली, तिचा उल्लेख टाळता येणार नाही. चित्रपट प्रदर्शित झाला जूनमध्ये; २० ऑगस्ट रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम व त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला. बाबा चमत्काराचा मंत्र चित्रगृहात हसत ऐकणारा प्रेक्षक आणि करणीच्या संशयावरून शेजाऱ्याला छळणारा माणूस, हे दोघे एकाच समाजात राहतात. चित्रगृहातील भय दिवे लागताच संपते. बाहेरचे संपत नाही. या दोहोंमधील अंतर मुलांना समजावून सांगायला शब्दभ्रमकारासारखा दुसरा शिक्षक नाही. तो आपल्या कलेला भ्रम असेच नाव देतो, आणि खेळ संपला की बाहुला सर्वांसमक्ष पेटीत ठेवतो.

बाहुल्यात जीव नसतो. तो त्याला कोणी तरी आपल्यातून काढून देत असतो. परक्याच्या देहात बळाने शिरणे हे तात्या विंचूचे पाप. पण पित्याचा स्वर पुत्राच्या कंठात, गुरूचा हात शिष्याच्या हातात शिरतो, तोही परकायाप्रवेशच. फरक इतकाच की तेथे घेणारा आपण होऊन दार उघडतो. ज्याने दार उघडले नाही त्याच्याकडे वारसा जात नाही, मग देणाऱ्याची इच्छा कितीही असो.

भैंसा येथील मराठी घरांत हाच प्रश्न रोज सुटत असतो. शाळेची व कचेरीची भाषा तेलुगू, बाजारात तेलुगू, उर्दू आणि हिंदी. अशा गावात मराठी टिकते ती कोणत्याही कायद्याने नव्हे. १९५६ च्या कायद्याने तर तिला सीमेपलीकडेच ठेवले. ती टिकते ती आजीच्या तोंडची गोष्ट नातवाने आपल्या तोंडाने पुन्हा सांगितली तर. त्या गोष्टीत कधी विक्रमाच्या पुतळ्या असतील, कधी तात्या विंचू असेल. निर्मलचा बाहुला रंगवून झाला की देखणा होतो, पण बोलता होत नाही. त्याला आवाज देणारे मूल घरात असावे लागते.